फूल दिसले, पण त्याची वनस्पती कोठे आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात आपण अरुणाचल प्रदेशातील नामदाफा राष्ट्रीय उद्यानात गेला होतात. तेथे एका उंच वृक्षाच्या बुंध्यालगत, ओल्या पाचोळ्यातून वर आलेले, लहान ताटलीएवढे लालभडक फूल आपल्याला दिसले. त्यावर पिवळसर ठिपके होते. पान, खोड, देठ यांपैकी काहीही नव्हते. सोबतच्या एका प्रवाशाने ती अळंबी ठरवली, तर वाटाड्याने ते ‘झाडाच्या मुळाच्या आत राहणारे फूल’ असल्याचे सांगितले. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही खरोखर सपुष्प वनस्पती आहे का, तिच्यामुळे ते झाड मरत नाही का, आणि मुळाचा एखादा तुकडा आणून पुण्याच्या बागेत रुजवता येईल का.

मी महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ वनस्पतींची अंतर्रचना शिकवली. म्हणजे आयुष्याचा बराच भाग मुळांचे आणि खोडांचे पातळ छेद घेण्यात, ते रंगवण्यात आणि विद्यार्थ्यांनी कापलेले जाडजूड छेद बाजूला टाकण्यात गेला. त्या सवयीमुळे असेल, पण मला आपले तिन्ही प्रश्न एकच वाटतात. आपण पाहिले ते फूल होते. त्या वनस्पतीचे शरीर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

आधी ओळख. आपण छायाचित्र जोडलेले नाही, त्यामुळे मी केवळ वर्णनावर विसंबून आहे. लाल रंग, फिकट पिवळे ठिपके, हिवाळ्यातला बहर आणि नामदाफा ही जागा या चारही गोष्टी सॅप्रिया हिमालयाना या जातीशी जुळतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ यांनी १८४४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुना मिश्मी टेकड्यांतला होता, म्हणजे आपण गेलात त्याच भागातला. खात्री करायची असेल तर पाकळ्यांसारखे दिसणारे भाग मोजा. सॅप्रियात ते दहा असतात आणि दोन वर्तुळांत बसलेले असतात. त्याऐवजी आपल्याला लहान-लहान गुठळ्यांचा झुबका किंवा मुसळीसारखा लाल-तपकिरी दांडा दिसला असेल, तर ती बॅलनोफोरा, म्हणजे झाडांच्या मुळांवर जगणारी दुसरी एक परजीवी वनस्पती असेल. तीही त्या जंगलांत आढळते आणि तिलाही लोक अळंबीच समजतात.

वाटाड्याच्या सांगण्यात मात्र एक दुरुस्ती करायला हवी. सॅप्रिया त्या उंच वृक्षाच्या मुळात राहत नाही. तिचा यजमान, म्हणजे जिच्यावर ती पोसली जाते ती वनस्पती, टेट्रास्टिग्मा नावाची जाड, लाकडी, रानटी वेल असते, जी द्राक्षाच्या कुळातली आहे. अशा वेली मोठ्या वृक्षांच्या आधाराने वर चढतात, त्यांची मुळे त्याच बुंध्याभोवती पाचोळ्याखाली पसरलेली असतात, आणि वृक्षाची मुळे व वेलीची मुळे तेथे इतकी एकमेकांत गुंतलेली असतात की, वरून पाहणाऱ्याला फूल वृक्षाच्या मुळातून आल्यासारखेच दिसते. वाटाड्याचा यात दोष नाही. ‘मुळाच्या आत राहते’ हा त्याच्या वाक्यातला महत्त्वाचा भाग अगदी बरोबर होता.

आता आत राहणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी आपल्याला आधी घराजवळच्या उदाहरणाकडे नेतो, कारण वर्गातही मी याच क्रमाने शिकवत असे. चंदनाचे रोप रोपवाटिकेत तुरीसोबत एकाच पिशवीत वाढवतात, हे आपण कदाचित पाहिले असेल. अशी एक पिशवी फाडून तिची माती बादलीभर पाण्यात हळूहळू सोडली, मुळे ओढली नाहीत, तर तासाभराने चंदनाची बारीक मुळे मोकळी होतात आणि त्यांवर ठिकठिकाणी मसुरीएवढ्या पांढुरक्या, चपट्या घंटा दिसतात. प्रत्येक घंटेचे तोंड तुरीच्या मुळावर घट्ट बसलेले असते. हे शोषक मूळ. त्याचा आडवा छेद घेऊन सॅफ्रानिनने रंगवला की जलवाहिन्या तांबड्या होतात, आणि तुरीच्या जलवाहिनीपासून चंदनाच्या जलवाहिनीकडे जाणारी तांबडी वाट सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सलग दिसते. पहिल्यांदा ती दिसली की वर्गातला गोंगाट थांबतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव होता. चंदनाला हिरवी पाने आहेत, अन्न तो स्वतः तयार करतो. दुसऱ्याच्या मुळातून तो मुख्यतः पाणी आणि क्षार घेतो. ज्वारीवरचा टारफुला एक पाऊल पुढे जातो. तोही हिरवा असतो, पण ज्वारीच्या मुळाला चिकटल्याशिवाय त्याचे रोप जगूच शकत नाही. तंबाखूच्या शेतातला बंबाखू त्याच्याही पुढे गेला आहे. त्यात हिरवेपणा उरलेलाच नाही.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघांचेही शरीर यजमानाच्या बाहेर आहे आणि आत शिरते ते फक्त शोषक मूळ. बॅलनोफोरापाशी ही सीमा पुसट होऊ लागते. कोडगूच्या एका खासगी कॉफीमळ्यालगतच्या रानात, मालकाच्या परवानगीने, आम्ही पावसाळा संपल्यावर बॅलनोफोराची एक गाठ उकरली होती. ती बटाट्याएवढी, खडबडीत, मातकट रंगाची होती आणि झाडाच्या बोटभर जाडीच्या मुळावर बसलेली होती. ब्लेडने कापताना ती साबणाच्या वडीसारखी कापली गेली आणि पात्यावर चिकट, मेणचट थर राहिला. या वनस्पतीच्या गाठीत मेणासारखे द्रव्य साठवलेले असते. जावा बेटावर पूर्वी लोक त्याचा उपयोग दिवट्या पेटवण्यासाठी करत, आणि आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने सुकलेल्या तुकड्याला काडी लावली तेव्हा तो खरोखरच धुरकट ज्योतीने जळत राहिला. पण मला त्यापेक्षा कापलेला पृष्ठभाग अधिक महत्त्वाचा वाटला. त्यात फिकट रंगाच्या शिरा फांद्या फुटल्यासारख्या पसरलेल्या होत्या, आणि त्या परजीवीच्या नव्हत्या. यजमान झाडाच्या मुळातल्या वाहिन्याच त्या गाठीत वाढून शिरल्या होत्या. म्हणजे ती गाठ अर्धी एकाची आणि अर्धी दुसऱ्याची होती. कोणता भाग कोणाचा, हे विद्यार्थ्यांना वहीत दाखवायला सांगितले तेव्हा सगळ्यांच्या आकृत्या वेगवेगळ्या आल्या, आणि त्यासाठी मी कोणाचेही गुण कापले नाहीत.

सॅप्रिया आणि तिची सुमात्रातली प्रसिद्ध बहीण रॅफ्लेसिया यांच्या बाबतीत हाच प्रवास शेवटाला पोहोचतो. रॅफ्लेसिया अर्नोल्डी १८१८ मध्ये सुमात्रात निसर्गअभ्यासक जोसेफ अर्नोल्ड आणि ब्रिटिश प्रशासक स्टॅमफर्ड रॅफल्स यांच्या पाहण्यात आली. तिचे फूल जवळजवळ एक मीटर रुंद होऊ शकते. एवढ्या मोठ्या फुलाची वनस्पती किती मोठी असेल, असा विचार आपल्या मनात साहजिकच येतो. प्रत्यक्षात तिला खोड नाही, पान नाही, मूळही नाही. यजमान वेलीच्या मुळात किंवा खोडात, ज्या थरामुळे ते दरवर्षी जाड होत जाते त्या थरात आणि त्याच्या आसपास, एकामागे एक रांगेत जोडलेल्या पेशींचे बारीक धागे पसरलेले असतात. पुष्कळ ठिकाणी धाग्याची जाडी फक्त एका पेशीची असते. हे धागे म्हणजेच ती वनस्पती. बाहेरून ती वेल अगदी निरोगी दिसते. आतला धागा शोधायचा तर मुळाचे अनेक छेद घ्यावे लागतात आणि यजमानाच्या पेशींमधून वेगळ्या दिसणाऱ्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी नेटाने शोधाव्या लागतात.

म्हणूनच अळंबी म्हणणाऱ्या आपल्या सहप्रवाशाला मी हसणार नाही. अळंबीचे खरे शरीरही मातीत किंवा कुजक्या लाकडात धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात असते आणि वर दिसते ते केवळ बीजाणू पसरवणारे अंग. जगण्याची रीत सारखी झाली की शरीरही सारखे होत जाते. फरक नात्यात आहे. कवकाचा वनस्पतींशी गोत्रसंबंध नाही. सॅप्रिया मात्र फुलते, तिच्या फुलांत परागकण आणि बीजांडे असतात, फळ धरते आणि बी तयार होते. सपुष्प असण्याची कसोटी हीच आहे.

फूल बाहेर कसे येते, हेही पाहण्यासारखे आहे. आतल्या धाग्यातील काही पेशी विभागू लागतात, त्यांचा एक गोळा तयार होतो आणि त्या गोळ्यातच कळीची जडणघडण सुरू होते. कळी मोठी होत जाते तशी यजमानाची साल तिच्याभोवती फुगते आणि शेवटी फाटते. फाटलेल्या सालीची एक खरखरीत वाटी कळीच्या तळाशी राहते. रॅफ्लेसियाच्या मोठ्या जातींत कळी दिसू लागल्यापासून फूल उमलेपर्यंत कित्येक महिने जातात, त्यातल्या बऱ्याच कळ्या वाटेतच कुजतात, आणि उमललेले फूल आठवडाभरच टिकते. आपल्याला उमललेले फूल दिसले, हे आपले नशीब.

आता थोडे जनुकांविषयी, कारण शरीर नाहीसे झाल्याचा पुरावा तेथेही सापडतो. २०२१ मध्ये सॅप्रियाचा संपूर्ण जनुकसंच अभ्यासण्यात आला. सपुष्प वनस्पतींमध्ये सर्वसाधारणपणे असणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के जनुके त्यात नाहीत आणि हरितलवकाचा स्वतंत्र जनुकसंच तर पूर्णपणे पुसला गेला आहे. साधारणतः परजीवी झालेल्या वनस्पतींतही हरितलवकाचे काही अवशेष शिल्लक राहतात. येथे तेही उरले नाहीत. उलट दिशेने, सॅप्रियाच्या जनुकांपैकी एक टक्क्याहून थोडी अधिक जनुके यजमानांकडून आलेली आहेत. शरीराची सीमा कोठे आहे, असे मी वर विचारले होते. ती पेशींत तर पुसट आहेच, पण जनुकांतही काही अंशी ओलांडली गेली आहे.

या उसन्या जनुकांमुळे नाते ओळखण्याचे कामही अवघड झाले होते. द्राक्षाच्या कुळातली जनुके पाहून फसगत होऊ शकत होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॅफ्लेसिया आणि तिचे सोबती एरंडाच्या कुळाच्या वंशवृक्षात बसतात असे दिसून आले. एरंडाची फुले किती लहान असतात, हे आपण पाहिलेच आहे; त्याच घराण्यात जगातले सर्वांत मोठे फूल निघावे, ही गोष्ट मला अजूनही गंमतीची वाटते.

वाटाड्याचे वाक्य जेथे शब्दशः खरे ठरेल, असेही एक उदाहरण सांगतो. जपानच्या दक्षिण भागात, आणि तेथून आग्नेय आशियापर्यंत, मित्रास्टेमॉन यामामोतोई नावाची वनस्पती आहे. ती खरोखर वृक्षांच्या मुळात राहते. तिचे यजमान ओक आणि चेस्टनट यांच्या कुळातले, मुख्यतः कॅस्टॅनॉप्सिस हे सदाहरित वृक्ष असतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो यांनी १९०९ मध्ये तिला नाव दिले. वर्षभर तिचा मागमूस नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळाच्या रेषेत, पाचोळ्यातून, काही सेंटिमीटर उंचीचे पांढरट कोंब रांगेने वर येतात. प्रत्येक कोंबावर समोरासमोर बसलेल्या जाड खवल्यांच्या जोड्या असतात आणि त्यांच्या बेचक्यात मध साठतो. सगळे पुंकेसर एकमेकांना जुळून एक टोपी झालेली असते, जी स्त्रीकेसराला पूर्ण झाकते. फूल आधी नर असते. नंतर आतला स्त्रीकेसर वाढत जाऊन ती टोपी वर ढकलून काढून टाकतो आणि तेच फूल मादी होते. ही मित्रास्टेमॉन सॅप्रियाची नातेवाईक मुळीच नाही. ती चहा, चिकू, बकुळ आणि मोह ज्या गणात येतात त्या गणातली आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या झुडपांच्या मुळांत राहणारी सायटिनस ही कापूस-जास्वंदीच्या गणातली, तर शेंगावर्गीय झुडपांच्या खोडात राहणारी पायलोस्टायलिस ही काकडी-भोपळ्याच्या गणातली आहे. चार वेगवेगळ्या घराण्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, शरीर टाकून देऊन दुसऱ्याच्या आत राहण्याचा मार्ग धरला.

आपला दुसरा प्रश्न होता यजमान मरण्याचा. याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ‘परजीवी म्हणजे मारक’ हे समीकरण आपण टारफुल्यासारख्या तणांवरून बनवतो. टारफुला एका हंगामात जगतो, हजारो बारीक बिया मातीत टाकतो आणि त्या बिया वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. त्यामुळे आजची ज्वारी खुरटली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. सॅप्रियासारख्या वनस्पतीचे गणित वेगळे आहे. तिचे सारे शरीर एकाच वेलीत आहे, बाहेर पडून दुसरीकडे जाण्याची सोय नाही आणि कळी पूर्ण होण्यास बराच काळ लागतो. वेल मेली तर तिच्यासोबत तीही संपते. त्यामुळे ज्या वेलींत अशी वनस्पती आहे त्या सहसा जगत राहतात. याचा अर्थ त्यांना तोशीस पडत नाही, असा नाही. फुलासाठी लागणारे पाणी आणि साखर शेवटी वेलीच्याच वाहिन्यांतून येते. वेल किती जाड आहे, एका वेळी तिच्यावर किती कळ्या आल्या आहेत, पाऊस कसा झाला आहे आणि ज्या वृक्षावर ती चढली आहे तो उभा आहे की तोडला गेला आहे, यांवर ती तोशीस किती जाणवेल हे ठरते. नुसते एक फूल पाहून वेलीच्या प्रकृतीचे निदान मी करणार नाही.

राहिला मुळाचा तुकडा आणण्याचा प्रश्न. सर्वप्रथम, नामदाफा १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथून कोणतीही वनस्पती किंवा तिचा भाग काढून आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा प्रयत्न फसणारच आहे. तोडलेल्या मुळाच्या तुकड्यात परजीवीचे धागे असतील किंवा नसतील, बाहेरून ते कळत नाही. असले तरी तो तुकडा स्वतः जगला पाहिजे, नव्या मुळ्या फोडल्या पाहिजेत आणि आतल्या धाग्यांना अन्न पुरवत राहिला पाहिजे. इंडोनेशियातील बोगोर वनस्पती उद्यानात रॅफ्लेसिया पात्मा या जातीवर जे काम झाले, त्यात रानातील बाधित वेलीचे कलम उद्यानात वाढवलेल्या टेट्रास्टिग्मावर बांधण्यात आले, आणि काही वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०१० मध्ये तेथे फूल उमलले. हे काम कलमे बांधण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांनी, त्याच हवामानात, त्याच यजमानावर केले होते.

बी आणण्याचाही विचार आपल्या मनात येईल, म्हणून तेही सांगतो. टारफुल्याचे बी ओल्या मातीतही उगवत नाही. मुळातून पाझरणाऱ्या एका विशिष्ट द्रव्याची त्याला चाहूल लागावी लागते. असे पहिले द्रव्य १९६६ मध्ये गंमत म्हणजे कापसाच्या मुळातून मिळाले, आणि कापसावर तर टारफुला जगू शकत नाही. म्हणूनच बाधित शेतात कापूस घेतला की बी फसून उगवते आणि मरते. ही झाली मातीत मूळ धरू शकणाऱ्या परजीवीची गोष्ट. सॅप्रियाचे बी तर धुळीसारखे असते, त्यातला गर्भ मोजक्या पेशींचा असतो, त्याला ना बीजपत्र ना मूळ. शिवाय नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, परागीभवन कुजक्या मांसाच्या वासाला भुलणाऱ्या माश्या करतात, आणि दोन्ही प्रकारची फुले एकाच आठवड्यात, माशीच्या टप्प्यात उमललेली असावी लागतात. टेट्रास्टिग्माच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही आहेत, तरीही सॅप्रियाच्या कुळातले काहीही येथे आढळत नाही, यावरून केवळ यजमान असणे किती अपुरे आहे हे लक्षात यावे.

मुळांवर जगणारी फुले पुण्याजवळ पाहण्याची इच्छा असेल, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात घाटातल्या गवताळ उतारांवर एजिनेशिया शोधा. गवताच्या बुडाशी वीतभर उंचीचा पानाविना दांडा आणि त्याच्या टोकाला खाली झुकलेले गुलाबी-जांभळे फूल असते. ती मुळाच्या आत राहत नाही, गवताच्या मुळाला बाहेरून चिकटते. पण हिरवेपणाशिवाय फूल कसे उभे राहते, हे तिच्यावरून पाहता येते. उपटू नका. गवतापासून सुटली की ती तासाभरात काळवंडू लागते.

आणि आपण नामदाफात काढलेली छायाचित्रे एकदा मोठी करून पाहा. फुलाच्या अगदी तळाशी, पाचोळा थोडा सरकला असेल तेथे, तपकिरी रंगाची, फाटक्या काठाची लाकडी वाटी दिसते का? दिसली, तर ती ज्या मुळावर आहे ते मूळ कोणत्या दिशेला जाते हे त्याच छायाचित्रात शोधा, कारण ती वाटी फुलाची नसून वेलीच्या सालीची आहे.